बंदीतला बांगडा

मंडळी, ऐका. नियम कोणासाठी असतो? लाजू नका, सांगा... शेजाऱ्यासाठी! आपल्या दारात आला की त्याला आपण म्हणतो अडचण. ही अडचण माणसाला कुठे नेऊन सोडते, ते ऐका.

शिंपलेवाडीत नारबा कुबल म्हणून होते, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. आवाज असा, की माझ्यासारख्या कीर्तनकाराने हेवा करावा. जून-जुलैत मासळी अंड्यावर असते, म्हणून इंजिनाच्या होड्यांना सरकारची बंदी. पण बाहेरचे ट्रॉलर ती खुशाल मोडायचे. नारबांनी सात वर्षं अर्ज केले, उपोषण केलं. शेवटी सरकारने किनाऱ्याला गस्ती नौका दिली. नारळ फोडला नारबांनीच.

त्याच जूनमध्ये त्यांच्याकडे एक पाहुणा जेवायला यायचा होता. कोण? हाच — तुमच्यासमोर उपरणं सावरत उभा आहे तो! तेव्हा मी माळ घातली नव्हती. वाणीवर वैराग्य, जिभेवर बांगडा. निरोप धाडला, ''जेवण साधंच करा. एखादा ताजा बांगडा असला तरी भागेल.'' बघा केवढा विनय!

नारबांनी पहाटेच होडी काढली. बायको, सुलोचनाबाई, दारात आडव्या आल्या.

''बंदीसाठी उपाशी तुमीच बसलात ना?''

''बंदी ट्रॉलरवाल्यांका. आपण एका कालवणापुरता जातंव.''

बघा हं, दर्याला काय कळतं, कालवण कोणाचं आणि ट्रॉलर कोणाचा? जाळं टाकलं, ओढलं, तोच वारा फिरला. एक लाट आत आली आणि इंजिन गप्प. होडी खडकांकडे सरकू लागली. नारबा एकटे. पाणी उपसता उपसता हात भरून आले. घसा एवढा मोठा, पण ऐकणार कोण?

ऐकलं गस्ती नौकेने! दोर फेकला, नारबांना वर ओढून घेतलं. नौकेवरची अधिकारी मुलीच्या वयाची. तिने ओळखलं आणि तिलाच अवघडल्यासारखं झालं. खलाशी वाडीतलाच. तो हळूच म्हणाला, ''मॅडम, दोर तुटून होडी वाहात गेली, काका आणूक गेले... असा लिवलात तर?''

तिने नोंदवही उघडली. नारबांनी खाली आपल्या होडीत पाहिलं. जाळ्यातला एक बांगडा फाटला होता, पोटातली अंडी, म्हणजे गाबोळी, बाहेर आली होती. ह्याच गाबोळीवर त्यांनी सात वर्षं भाषणं केली होती. मान वर होईना.

''लिव गे बाय,'' ते म्हणाले. ''जाळा मीच टाकलंय. मुद्दाम.''

होडी जप्त झाली, खटला झाला. सोसायटीच्या सभेत नारबांनी स्वतः उठून सगळं सांगितलं आणि अध्यक्षपद सोडलं. काही हसले. पण पुढच्या जूनला वाडीतली एकही इंजिनाची होडी पाण्यात उतरली नाही.

आणि मी? त्या दुपारी मी पाटावर बसून होतो. नारबा ओलेत्याने आले, घडलं ते सांगितलं. माझ्या तोंडून काय निघालं असेल? 'लागलं का कुठे?' छे! मी विचारलं, ''मग बांगडे?''

सुलोचनाबाईंनी मुकाट्याने कुळथाची पिठी वाढली. इतकं कडक प्रवचन मी आजवर केलेलं नाही.

तेव्हा मंडळी, जूनमध्ये मासळीच्या टोपलीशी आपण विचारतो, 'ताजी आहे ना?' ती आली कशी, हे विचारतो? बंदी मोडणारा पकडला जातो. पान मांडून बसलेल्याला कोण पकडणार? आता टाळ्या नकोत. हात कानाला लावा. थांबा — आधी मी लावतो.