काका आता रक्त देणार नाहीत

नाही, काका आता पुन्हा रक्त देणार नाहीत — आणि का देणार नाहीत ते मी सांगायचं नाहीये. त्यांनीच बजावलंय. वय झालं, डॉक्टर आता पुरे म्हणाले, असं ते तुम्हाला बाहेर येऊन सांगतील — बसा ना ताई, त्यांना वेळ लागेल, तुमच्या रक्तदात्यांवरच्या अंकातल्या फोटोसाठी शर्टच ठरत नाहीये, काकू तिसऱ्याला इस्त्री करतेय. ते पेन तेवढं खाली ठेवाल का? कुणी लिहायला लागलं की मला बोलता येत नाही. तसंही येत नाही म्हणा — वर्गात माझी 'हजर' सुद्धा शेजारची मैत्रीण म्हणते.

मागच्या महिन्यात रक्तपेढीतून काकांना बोलावणं आलं. एकट्यानं जायचं, तर भीती वाटली असणार — मला चष्मा करायला नेतोय असं घरी सांगून त्यांनी मला बरोबर घेतलं. माझे डोळे चांगले आहेत. कानही चांगले आहेत, ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही. मला बाहेर बाकावर बसवलं, पण आतल्या खोलीच्या दाराला फट होती, आणि तिथली समुपदेशक बाई कितीही हळू बोलली तरी काका हळू बोलतात का? दर वाक्याला 'काय म्हणालात?' करून त्यांनी सगळं दोनदा वदवून घेतलं. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता, ती ब प्रकारची कावीळ. मग एवढी वर्षं रक्त देतायत, तेव्हा कसा सापडला नाही? तर पूर्वी फक्त विषाणूचं वरचं कवच शोधायचे, आणि काहींच्या रक्तात ते इतकं कमी असतं की हाती लागत नाही. आता आणखी एक तपासणी करतात — शरीर कधी त्या विषाणूशी झगडलंय का, त्याची खूण बघणारी. काकांचं झगडलं होतं, आणि पुढच्या तपासणीत विषाणू थोडा शिल्लकही निघाला. त्यांनी दिलेली रक्ताची पिशवी टाकून दिली. मग बाईंनी विचारलं, "पूर्वी दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात, घरातल्या कुणाला तुमचं रक्त दिलं होतं का?"

काका म्हणाले, "नाही."

या एका प्रश्नाला त्यांनी 'काय म्हणालात' केलं नाही.

तुम्ही माझ्या आईला पाहिलं नाही ना? दिसणार नाही, पाहुणे आले की ती मागे असते. धाकट्याच्या वेळी तिचं फार रक्त गेलं, आणि रक्त जुळलं ते काकांचं. मग काय विचारता — दारात उभा राहिलेला मीटरवालासुद्धा सुटला नाही, 'हिच्या अंगात माझं रक्त खेळतंय' हे सगळ्यांनी ऐकलंय. बाळंतपणाआधी आईची तपासणी झाली होती, तेव्हा काही नव्हतं. काही महिन्यांनी कावीळ झाली. गेली असं वाटलं, पण ती आत राहिली ती राहिलीच. डॉक्टरांनी सांगितलं, एका ताटात जेवून हे पसरत नाही, आम्हाला सगळ्यांना लसही दिली — पण काकांनी तिचं ताट वेगळं केलं, कप वेगळा, त्यावर नेलपॉलिशचा ठिपका, म्हणजे चुकून कुणी उचलायला नको. आणि एकदा जेवताना, सगळ्यांसमोर, "कुठून आणलंय हे दुखणं, तिचं तिलाच ठाऊक." बाबांनी मान वर केली नाही, मोठ्या भावापुढे ते कधी करत नाहीत. आई पाणी आणायला म्हणून उठली आणि परत आली नाही.

रक्ताचा दोष मी काकांना देत नाही हं. ते त्यांनाही माहीत नव्हतं. आईला त्यांच्याकडूनच झालं का, हे दोघांचं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही — पण त्यासाठी आधी 'हो' म्हणायला हवं ना? तो 'नाही' मी सोडणार नाही. मी काय केलं सांगू? काही नाही. रोज जेवताना गोड आवाजात विचारलं, काका, माझ्या चष्म्याचं काय झालं? बस. ते लगेच दुसरंच काही बोलायला लागायचे. सहलीला जाऊ? जा. टीव्ही लावू? लाव. शेवटी हा आणून दिला — बघा डोळ्याला लावून, साधी काच आहे. आई तर त्यांचे उपकार मानते, म्हणते, एवढ्या गडबडीत तुझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

तर ताई, तुम्ही एवढंच करा. ते आले की विचारा, घरातल्या कुणाला रक्त दिलंत का हो? पूर्वी न विचारता सांगायचे, त्या दिवसापासून चकार शब्द नाही. विचारा आणि त्यांच्या तोंडाकडे बघा, आणि जे म्हणतील ते जसंच्या तसं छापा. 'हो' म्हणाले तर रक्तपेढीतले लोक वाचतील. 'नाही' म्हणाले तर ही सगळी गल्ली वाचेल. मला दोन्ही चालेल.

आईला? — नाही, आईला अजून सांगितलं नाही. सांगणार आहे. असं काय बघता? तिला कळलं की ती म्हणेल जाऊ दे, मुद्दाम का केलं त्यांनी — ती तशीच आहे, एका दिवसात सगळं पोटात घालेल, मग माझ्या हातात काय राहील? थोडे दिवस तरी त्यांना — हो, तोवर ती त्याच ताटात जेवते, माहितीये मला, मीच तर वाढते. महिनाभर मीच वाढतेय. तुम्हाला वाटतं तसं नाहीये ते, मी तिच्यासाठीच तर — आले, आई. आले म्हटलं ना. — ताई, मी नसतानाच विचारा त्यांना, ती दारात यायच्या आत, कारण तिच्या समोर जर त्यांनी 'हो' म्हटलं, आणि तिनं माझ्याकडे बघितलं, तर मी तिला काय —