अंगात साचणारं औषध

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या आमच्या मॅडम, आणि प्रयोगशाळेतील माझ्या बंधुभगिनींनो,

मॅडमचं उभं आयुष्य लघवीच्या बाटल्यांत गेलं. हसा, त्याही हसतायत. औषध पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं, ते बाहेर कसं टाकतं, हे आधी जनावरांत आणि मग माणसांत पाहायचं, हे त्यांचं काम.

फिटवरचं ते औषध जुन्या मंडळींना आठवत असेल. उंदरांनी, कुत्र्यांनी ते दुसऱ्या दिवशीच जवळजवळ सगळं बाहेर टाकलं. आम्ही हवेत! मग रुग्णांवर चाचणी सुरू झाली. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात मॅडमची धाकटी बहीणही या चाचणीत होती. शिवणकामाची शिक्षिका. तिच्या फिट थांबल्या, ती पुन्हा वर्गावर जाऊ लागली.

इकडे माणसांचा हिशेब जुळेना. दिलेलं औषध निम्मंही बाहेर येत नव्हतं. माणसाचं यकृत त्यातून एक वेगळाच पदार्थ बनवत होतं आणि तो अंगात साचत होता. कुत्र्यांत तो बनतच नव्हता, मग आधी दिसणार कसा? मॅडमनी तो पदार्थच कुत्र्यांना देऊन पाहिला. त्यांची मूत्रपिंडं बिघडली.

चाचणी थांबवा, असं पहिल्यांदा मॅडमच म्हणाल्या.

मी शेजारच्या टेबलावर होतो. बहिणीचा फोन आला, तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, मला काही त्रास नाहीये गं. माझ्यापुरतं तरी चालू ठेवायला सांग."

"त्रास सुरू होईल तेव्हा उशीर झालेला असेल."

"कुत्र्यांवरून माझं ठरवतेस?"

"नाही गं. तुझ्यासारख्या माणसांवरून."

फोन तिकडून ठेवला गेला.

चाचणी थांबली, औषध बंद झालं. बहिणीची मूत्रपिंडं शाबूत राहिली. फिट मात्र परतल्या, नोकरी सुटली, दुसरं कुठलंच औषध तितकं लागू पडलं नाही. मॅडम चुकल्या का? मुळीच नाही. मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "बरोबरच होते रे. तेवढ्यानं झोप येत नाही." अंगात न साचणारं औषध बनवायला त्यांनी किती खटपट केली! आपल्याला ते जमलं नाही, ही खंत एकट्या मॅडमची नाही.

परवा विचारलं, "आता पुढे काय?" म्हणाल्या, "बहिणीकडे राहायला जातेय. तिला एकटीनं रस्ता ओलांडायची भीती वाटते."

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात जास्तच बोलून गेलो असेन, तर मॅडम, आजचा दिवस सांभाळून घ्या.