नाव तेच, बूट दुसरा

जुन्या गिऱ्हाइकाला माल द्यायला डोकं लागत नाही, असं मीही समजत होतो. परबताईंनी ती समजूत मोडली.

आमच्या मुलुंडच्या दुकानातून त्या चार वर्षं एकाच मॉडेलचे रनिंग शूज घेत होत्या. पन्नाशीत पहिली मॅरेथॉन धावायची म्हणून वर्षभर तयारी चालली होती. शर्यतीच्या तीन आठवडे आधी त्यांचा फोन आला, "शेठ, नेहमीचाच जोड पाठवा ना."

त्या मॉडेलचं नवं व्हर्जन नुकतंच आलं होतं. मी म्हटलं, "नाव तेच, नंबर तोच. डोळे झाकून घाला." आणि जोड घरी पाठवून दिला.

दोन आठवड्यांनी ताई लंगडत दुकानात आल्या. जुना आणि नवा असे दोन्ही जोड काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "टाच दाबून बघा."

मी दाबली. जुनी टणक होती, नवीत अंगठा रुतला. ताईंचं पाऊल आत कलतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मऊ टाचेवर ते आणखी कललं आणि गुडघा धरला.

"पैसे परत देतो, ताई."

"नको हो. माझी मैत्रीण सुलभा आहे ना, तिचं पाऊल सरळ पडतं. तिला हा नवा जोड झकास बसलाय. रविवारच्या शर्यतीत ती यातच धावणार."

"आणि तुम्ही?"

"मी रस्त्याच्या कडेला तिची पाण्याची बाटली घेऊन उभी राहणार."