तव्यावरून उठून समुद्रात

मेक्सिकोतल्या तुलुमला, माया लोकांच्या जुन्या देवळांखाली, किनाऱ्यावर उतरायच्या जिन्यापाशी रांग लागली होती. बायको वारल्यावर हेलादिओ पहिल्यांदाच तिथे आला होता. त्याच्या पुढे एक जोडपं भांडत होतं.

"पाण्यात उतरायचं नाही, एल्सी. पहाटेपासून तव्यापाशी होतीस. तापल्या अंगाने गेलीस तर थंडी भरेल."

"तव्यापाशी कुणामुळे होते, विल्बेर्त? मक्याच्या भाकऱ्या कुणाला हव्या होत्या?"

"मग काय उपाशी यायचं?"

"गेल्या रविवारी इस्त्री केली म्हणून नाही. आज भाकऱ्या केल्या म्हणून नाही. मी समुद्रात जायचं तरी कधी? मेल्यावर?"

"तोंड कशाला वाजवतेस? या बाबांनाच विचारू. काय हो बाबा, तुमची बायको अशी तव्यावरून उठून पाण्यात जाते का?"

"जायची."

"आणि मग?"

"दोन दिवस शिंकायची. पुढच्या रविवारी परत जायची."

"ऐकलंस, विल्बेर्त? धर ही पिशवी."

"अगं, एल्सी! थांब! आजारी पडलीस तर मी काढा करून देणार नाही, सांगून ठेवतो!"

"नको देऊस! माझ्या चपला तेवढ्या उचलून आण!"