जीपचं लॉक

तुम्हाला हसू येईल, पण माझ्या पप्पांचं आणि काकांचं बोलणं फक्त चिखलात व्हायचं. विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांनी अबोला धरला होता. पण पावसाळ्यात मला शाळेत सोडायला निघालं, की पप्पांची जीप नेमकी काकांच्या दारासमोर रुतायची. एक चाक जागेवर गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म उभं. मग काका पायजमा वर खोचून मागून रेटायचे.

“दादा, ही गाडी हाय का म्हैस?”

“तू ढकलतुयास का कुरवाळतुयास?”

यंदा पप्पांनी मांजरसुंब्याच्या मेकॅनिककडून मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल लॉक बसवून घेतलं. आता दोन्ही चाकं एकदम फिरतात. पहिल्याच पावसात काका पायजमा खोचून दारात तयार उभे होते. जीप न थांबता पुढे गेली. मी मागे वळून पाहिलं, तर काका खोचलेला पायजमा हळूहळू खाली सोडत होते. पप्पाही आरशातून तेच पाहत होते.

काल शाळेतून येताना पप्पांनी जीप पुन्हा त्या गॅरेजला नेली.

“ते लॉक काढता येतं का?”

“कावून? बिघडलं का?” मेकॅनिकनं विचारलं.

“न्हाई,” पप्पा म्हणाले, “लई चांगलं चालतंय.”