धुरा न दाखवलेली गाडी

माझं नाव शिवलाल. मूळ गाव सौंदडच्या पलीकडं, बाप दुसऱ्याच्या बांदीत, म्हणजे वावरात, धानाची रोवणी करायचा, आईबी तेच. बाप म्हणे, तू चिखलात नको राहू, लोखंड शिक. म्हणून नव्याण्णव साली देवरीले आलो, हायवेवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा घोडा होतो, शिकायचं वय नोहतं, पण उस्तादानं ठेवलं. उस्ताद रायपूरकडचा, काम हिंदीत सांगे अना शिव्या छत्तीसगढीत दे.

पुढं पिकप गाड्या आल्या तशी आमची कामं बदलली. कोणी म्हणे मागं टोचन हुक बसवून द्या, धान चुरायची, मळणीची मशीन ओढाची आहे. कोणी म्हणे जास्तीची टाकी बसवून द्या, तिकडं जंगलातल्या गावाइत डिझेल भेटत नाई, गाडीले लागते, मशीनच्या इंजिनालेबी लागते. आता गाडीच्या मागच्या डाल्याखाली जागा किती, एका बाजूले सायलेन्सर, एका बाजूले बॅटरी, मंग टाकी हुकाच्या बाजूलेच येते. मी पत्रा वाकवत होतो, पट्ट्या मारत होतो, माझी टाकी कधी गळली नाई. हे मी आताबी सांगतो.

पण उस्तादाचा एक कायदा होता. हुक अना टाकी दोन्ही एकाच गाडीले बसवले त मशीन जोडून गाडीले धुरा दाखवाचा, त्याबिगर चाबी द्याची नाई. काऊन, त सपाट फर्शीवर मशीनची ओढाची दांडी टाकीपासून चार बोटं दूर दिसते. पण आपल्याकडं मशीन का फर्शीवर चालते? बांदीतून बांदीत जाते, मधात मातीचा धुरा, बांधच म्हणा. गाडी धुऱ्यावर चढली, मशीन मागं खालीच राहिली, त्यातच चाक वळवलं की दांडी तिरपी होऊन वर उठते, अना ते चार बोटं कुठं जातात समजत नाई. उस्ताद दुकानामागच्या बांदीत सगळ्या गाड्या फिरवत होता. तो गेला, दुकान मी चालवू लागलो, मंग हायवे रुंद झाला अना ती बांदी गेली. धुरा दाखवाचा त नहराजवळच्या बांदीपर्यंत गाडी न्या, परत आणा.

झनकलाल माझा दोस्त. पवाराचा, चार एकराचा धनी, पण माझ्या दुकानात येऊन खोक्यावर बसे, माझ्याच बाटलीतलं पाणी पिये. मी एकटाच राहत होतो, आई-बाप गेले होते, लग्नाचं जमलं नाई ते नाईच. तो म्हणे, अबे मिस्त्री, बायको कर, नाई त एक दिवस या टाकीलेच साडी नेसवशील. मी म्हणो, टाकी बोलत त नाई ना तुह्यासारखी. आमचं असं चाले. दिवसभरात माझ्याशी कामाबिगर बोलणारा तोच एक होता.

त्यानं जुनी पिकप घेतली, चुरायची मशीनबी घेतली. हुक अना टाकी, दोन्ही कामं मीच केली. मशीन दुकानापुढंच उभी होती, जोडून नहरावर जायले किती, अर्धा तास. काय सांगू तुमाले, काही अडचण नोहती. ऊन होतं, मले भूक लागली होती, बस. फर्शीवर बोटं घालून पाहिलं, चार बोटं भरली. झनक म्हणे, धुरा दाखवला का रे? त्याले उस्तादाचा कायदा माहीत होता ना. मी म्हटलं, दाखवला. सकाळीच दाखवला.

तो चाबी घेऊन गेला. बारा दिवसांनी एका बांदीत धुऱ्यावरून वळताना दांडी टाकीत घुसली, डिझेल गरम सायलेन्सरवर पडलं, खाली सारी धानाची तणस, वाळकी. तो गाडीतून उतरला होता, वाचलाच होता, पण मशीन सुटावी म्हणून हुकाची पिन उपटायले मागं गेला. सहा दिवस गोंदियाले दवाखान्यात होता, सातव्या दिवशी गेला.

आता जे सांगतो ते मी कोणाले सांगितलं नोहतं. गाडी पाहायले लोक जमले, मीबी गेलो. टाकीच्या कोपऱ्यात दांडीच्या जाडीएवढं भोक होतं. मले एका नजरेत समजलं. एकानं विचारलं, मिस्त्री, तुही टाकी गळली का? मी म्हटलं, माझा जोड पाहा, कुठं सुटला काय. खरंच सुटला नोहता. अना मंग मीच म्हटलं, बिडी त नोहता ना ओढत? एवढंच. माझ्या तोंडातून निघालं अना चौकात पोचेपर्यंत ते पक्कं झालं, की झनक्यानं डिझेलजवळ बिडी पेटवली, स्वतः जळला, मशीन जाळली. त्याच्या पोरीले शाळेत बिडीवाल्याची पोरगी म्हणत. मी ऐकलं. आठ वर्षं ऐकलं. त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. तो खोका दुकानात तसाच आहे, कोणी बसत नाई, मी बसू देत नाई.

यंदा त्याच्या घरी गेलो. वैनी, झनकची बायको, अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. उभ्यानंच सारं सांगितलं. तिचा हात थांबला नाई. म्हणे, भाऊजी, मले कायले सांगून राहिले? त्यानं पोरगी झाली तेव्हाच बिडी सोडली होती, मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली, माझं कोणी ऐकलं नाई. जिथं बोलले तिथं जाऊन सांगा.

पाणी दिलं तिनं. बसा म्हटलं नाई.

चौकात सांगितलं मी. काही ऐकून उठून गेले, एक म्हणे, जुनं झालं मिस्त्री, कायले उकरता. आता गिऱ्हाईक कमी येते, येऊ नये तेच बरं. जी गाडी येते तिले नहरावर नेतो, धुरा दाखवतो, एकटाच परत येतो.

तुमी लिहून राहिले ना, त माझं नाव बदलू नका. अना हे नीट लिहा, की झनकलालच्या खिशात बिडी नोहती. त्याची पोरगी आता कॉलेजात आहे, वाचते म्हणतात खूप. तिचं भलं होवो. तिनं मले माफ नाई केलं तरी होवो.