गोगलगायी संपल्यावर

शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात पाण्याची पिशवी होती आणि तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचा लोच मासा.

"टाकीतल्या गोगलगायी खायला आणला होता. खाऊन झाल्या. आता परत देऊन टाकू."

"काम झालं म्हणून घराबाहेर? मी नाही देणार."

"अगं, दिवसभर दगडामागे लपून बसतो. परवा आडवा पडला होता. मी मेला समजून जाळी आणली."

"झोपला होता तो. तुम्हीही तसेच झोपता. मी कधी जाळी आणली?"

दुकानदार म्हणाला, "ताई, हे मासे कळपाने राहतात. एकटा असला की लपतोच."

"मग आणखी चार द्या."

"चार? एकेक वीतभर वाढतो म्हणे! टाकी केवढी लागेल?"

"मोठी. तुमचा टीव्ही भिंतीवर जाईल."

"मी हो म्हटलेलं नाही."

"मी विचारलेलं नाही."

नव्या टाकीच्या तळाला घालायला दुकानदाराने खडी काढली.

"अहो, ही टोकदार नको," नवरा पिशवी छातीशी धरत म्हणाला. "तळ उकरताना त्याच्या मिशा झिजतात. बारीक वाळू द्या."